मूठ उघडली की सुटणारी बंदूक

माझ्या नवऱ्याचा उजवा हात गेला तो एका सकाळी, दात घासताना. ब्रश बेसिनमध्ये पडल्याचा आवाज आला. मी पोळ्या लाटत होते, तशीच बघायला गेले. तो आरशासमोर उभा होता, ओठांच्या एका कोपऱ्यातून फेस ओघळत होता. मला बघून म्हणाला, "गाडी."

आम्हाला कामावर नेणारी गाडी आली का, असं विचारतोय असं मला वाटलं. मी म्हटलं, "अजून वेळ आहे."

"गाडी, गाडी," तो म्हणाला, आणि त्याचा पाय मुडपला.

त्यानंतर कितीतरी महिने तो एवढा एकच शब्द बोलला. भूक लागली तरी गाडी, तहान लागली तरी गाडी, राग आला तरी गाडी. वडप्याच्या एका गोडाऊनमध्ये तो डॉक सुपरवायझर होता. कुठला कंटेनर लागला, कुठला रिकामा झाला, हे बघण्यात दिवस जायचा. डोक्यातलं बाकी सगळं पुसलं गेलं तरी तेवढं राहिलं असावं. त्याच गोडाऊनच्या ऑफिसात मी चलानं टाइप करते. आमची ओळख तिथलीच, म्हणून घरात मी त्याला अरे-तुरे करते. सासूबाई समोर असल्या की मात्र अहो.

सासूबाई वळ गावाहून आल्या त्या कपड्यांचं बोचकं घेऊनच. मला नोकरी सोडता येणार नव्हती. सकाळी मी निघाले की दिवसभर त्या आणि तो. आमचं घर तळमजल्यावर आहे आणि मागच्या भिंतीला लागूनच कापड विणायच्या लूमचं शेड. लग्न होऊन आले तेव्हा त्या खटखटीनं माझं डोकं उठायचं, नंतर ऐकू यायचीच बंद झाली. आता पुन्हा ऐकू यायला लागली, कारण घरात कोणी बोलतच नव्हतं. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला आणि सासूबाई दारात बसलेल्या. मी संध्याकाळी आले की त्या हळूच सांगायच्या, "आज पण कायच न्हाय गो. अर्धी भाकर खाल्ली."

दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "पॅरालिसिसमध्ये पहिले काही महिने महत्त्वाचे. जे परत यायचं ते बहुतेक त्यातच येतं." हे वाक्य त्यांनी सहज म्हटलं असेल. माझ्या मात्र ते मानगुटीवर बसलं. रिक्षात, ऑफिसात, भाजी चिरताना, मनात एकच की दिवस चाललेत. तो भिंतीकडे तोंड करून पडलाय आणि दिवस चाललेत.

व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातली, वयानं लहान पण कामाला पक्की. त्याला दादा म्हणायची, मला ताई. तिनं आणलेला मऊ चेंडू त्यानं डाव्या हातानं पलंगाखाली ढकलून दिला. मातीसारखा गोळा दिला मळायला, तो त्यानं बघितलाही नाही. ती खांदा, कोपर, मनगट हलवून द्यायची तेवढा वेळ तो डोळे मिटून पडायचा, जणू दुसऱ्याच कोणाचा हात आहे.

एकदा जाताना चपला घालता घालता ती मला म्हणाली, "ताई, मी हलवते तो व्यायाम माझा होतो. त्यांना स्वतःला काहीतरी करावंसं वाटलं पाहिजे. त्यांना काय आवडायचं?"

कामाशिवाय याला काय आवडायचं, हे मी किती वर्षांत विचारलंच नव्हतं. मग आठवलं की वळच्या जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीपुढे तो हटून बसायचा. त्याचा नेम चुकायचा नाही. शेवटी दुकानवाला हात जोडून म्हणायचा, "भाई, अब बस करो." आमच्याकडची अर्धी प्लास्टिकची घमेली त्या फुग्यांवर जिंकलेली.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना मी मंडईजवळून एक खेळण्यातली बंदूक घेतली. निळी, नारिंगी घोड्याची, रबरी टोपीचे बाण असलेली. गुळगुळीत जागेवर मारला की बाण चिकटतो. घरी येऊन त्याच्या पुढ्यात ठेवली.

सासूबाई म्हणाल्या, "त्याला बंदूक कशाला गो? पोर हाय का तो?"

त्यानं ती डाव्या हातात घेतली. उलटसुलट केली. मग जे केलं ते बघून मी जागच्या जागी थांबले. मांडीवर पडलेला उजवा हात त्यानं डाव्या हातानं उचलला आणि बंदुकीच्या मुठीवर नेऊन ठेवला. आजारपणानंतर तो हात त्यानं पहिल्यांदा कशाच्या तरी कामाला लावला होता.

पण पुढे काही होईना. मूठ लहान मुलाच्या हाताची. त्याची जाड बोटं घोड्याच्या कडीत शिरेनात. आणि बाण भरून मागची पट्टी ओढायची तर स्प्रिंग इतकी ताठ, की मलाच दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. त्यानं डाव्या हातानं ओढून बघितली. बंदूक निसटून खाली पडली. तो "गाडी" म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

त्या रविवारी मी ती बंदूक उघडली. माझे वडील कोर्टाजवळ बसून टाइपरायटर दुरुस्त करायचे. त्यांच्यासोबत बसून बसून स्क्रू, पिना, स्प्रिंगा यांची भीती मला कधी वाटली नाही. आत फार काही नव्हतंच. नळीत सरकणारा एक दट्ट्या, त्याच्या मागे दाबली जाणारी स्प्रिंग, दट्ट्या अडवून धरणारा एक आकडा, आणि आकडा सोडवणारा घोडा. मला हवी होती तशीच, पण मोठ्या माणसाच्या आजारी हाताला झेपेल अशी. बाजारात ती मिळणार नव्हती. म्हणजे करावी लागणार होती.

पहिल्यांदा वाटलं, स्प्रिंग अर्धी कापली की जोरही अर्धा होईल. पकडीनं कापली आणि दाबून बघितली, तर आधीपेक्षा जास्त ताठ. मी कितीतरी वेळ ती तशीच दाबत बसले. मग लक्षात आलं. लांब स्प्रिंगमध्ये वेढे जास्त, प्रत्येक वेढा थोडा थोडा दबतो. वेढे कमी झाले की उरलेल्यांवर भार. मला उलटंच पाहिजे होतं: बारीक तारेची, भरपूर वेढ्यांची लांबलचक स्प्रिंग. हळूहळू दबणारी, आणि जोर कमी असला तरी बाणाला लांबपर्यंत ढकलत नेणारी.

लूमच्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून मी हिंडले. एका दुकानात म्हाताऱ्या मालकानं विचारलं, "दबाने का चाहिए या खींचने का?"

"दबाने का. लंबा. एकदम नरम."

"किस लूम का है?"

"लूम का नहीं. बंदूक का है." त्यानं चष्म्यावरून बघितलं, तेव्हा मी घाईघाईनं म्हणाले, "खिलौने का."

"खिलौना तो बना-बनाया मिलता है."

मी त्याला सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. त्या दिवसांत कोणी साधं काय म्हणून विचारलं तरी मी सांगत सुटायचे. तो उठला. आतून एक गंजका डबा घेऊन आला आणि हाताएवढ्या लांबीची एक बारीक स्प्रिंग काढून दिली. "ये किसी काम का नहीं. बहुत नरम है."

नळीसाठी लाइट फिटिंगचा पांढरा पाइप घेतला. दट्ट्याला छत्रीची मोडकी दांडी, तिच्या टोकाला नळाचा वायसर. वायसर इतका घट्ट बसला की नरम स्प्रिंग त्याला ढकलेचना. कानशीनं थोडा घासला, खोबरेल लावलं तर दोन दिवसांत चिकट झालं, मग शिलाई मशीनचं तेल घातलं तेव्हा सरकला. दांडीला कानशीनं खाच पाडली आणि हॅकसॉच्या तुटक्या पात्याचा आकडा केला. मूठ मात्र जाड पाहिजे होती, कारण त्याची बोटं बारीक वस्तूला धरत नव्हती. मी घरातलं जुनं लाटणं कापलं आणि त्याला कापडी पट्टी गुंडाळली.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "लाटना पण घातलान बंदुकीत."

बाजारातले बाण जड होते. त्यांच्या रबरी टोप्या काढून मी शहाळ्याच्या स्ट्रॉला बसवल्या. कपाटाच्या दाराला परात टांगली. पहिला बाण नळीतून जेमतेम बाहेर पडला आणि माझ्या पायाशी आला. मी पाइप लांब केला, आकडा मागे नेला. मग एकदा बाण परातीला जाऊन टण्ण वाजला आणि चिकटून राहिला. स्वयंपाकघरातून सासूबाई धावत आल्या. पलंगावरून त्यानं मान वळवली होती.

डाव्या हातानं दट्ट्याच्या मागच्या टोकाला आडवी लावलेली दांडी ओढायची, ती त्याला जमली. उजवा हात लाटण्याच्या मुठीवर ठेवायचा आणि आवळायचं. उजव्या हातात जोर तसा नव्हताच, पण आवळायला गेलं की बोटं आपोआप मिटायची. घोडा दाबला जायचा आणि बाण सुटायचा. त्या आठवड्यात आमच्या घरात टण्ण टण्ण चाललं होतं. तो पलंगावर टेकून बसायला लागला. जेवण मागायला लागला. मी कामावरून यायचे तेव्हा सासूबाई बाण गोळा करताना दिसायच्या, कमरेवर हात ठेवून, तक्रार करत. मला इतकं हलकं वाटायला लागलं होतं की रिक्षात मी एकदा स्वतःशीच गुणगुणत होते.

फिजिओथेरपिस्ट मुलीच्या घरी लग्न होतं, मग ती तापानं आजारी पडली, त्यामुळे बरेच दिवस आली नव्हती. ती आली तेव्हा मी मुद्दाम सुट्टी घेतली होती. मला तिचा चेहरा बघायचा होता.

त्यानं तिच्यासमोर बाण मारला. परात वाजली. ती हसली, "वा दादा," म्हणाली. मग जवळ जाऊन त्याचा उजवा हात हातात घेतला आणि तिचं हसू गेलं. ती एकेक बोट उघडायला लागली. बोटं उघडेनात. मनगट आतल्या बाजूला वळलं होतं. तिनं कशीबशी मूठ सैल केली तर तळव्यावर नखांचे लाल वळ उमटले होते, एके ठिकाणी कातडं फाटलं होतं. मी रोज त्याच्या हाताला तेल लावत होते, आणि मूठ घट्ट झाल्याचं मला कळत होतं. मला ती ताकद वाटत होती.

तिनं मला बाहेर बोलावलं. "ताई, हे किती दिवस चाललंय?"

मी सांगितलं.

"मूठ मिटायला त्यांना शिकवायची गरज नाही. या आजारात ती आपोआपच मिटते. त्यांना उघडायला यायला पाहिजे. जितकं आवळतील तितकी ती जास्त घट्ट होत जाईल." मग माझ्याकडे बघून तिनं घाईनं म्हटलं, "तुम्हाला कसं माहीत असणार? मी सांगायला पाहिजे होतं."

ती गेल्यावर मी बंदूक माळ्यावर टाकली. कपाटाची परात उतरवली. तो बघत होता. "गाडी," तो म्हणाला. मी मान हलवली. "गाडी," तो मोठ्यानं म्हणाला. मी त्याला समजावायला बसले, हात असा उघडायचा आहे, असा मिटायचा नाही, डॉक्टरीण बाई काय म्हणाली बघ. त्याला किती कळत होतं देव जाणे. त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि तो हात पलंगाच्या लोखंडी कडेवर आपटायला लागला. जोरजोरात. मी अडवायला गेले तर मला ढकललं. सासूबाई मध्ये पडल्या, त्याच्या हातावर स्वतःचा हात ठेवला आणि त्याचा पुढचा तडाखा त्यांच्या बोटांवर बसला. तेव्हा तो थांबला. पांघरूण डोक्यावरून घेऊन आत रडत राहिला, आणि आम्ही दोघी पलंगाच्या दोन बाजूंना बसून राहिलो.

त्यानंतरचे दिवस सगळ्यात वाईट. तो खाईना. तोंडाशी घास नेला की तोंड फिरवायचा. मी कामावर चुकायला लागले, एका गाडीचं चलान दुसऱ्या गाडीला लावलं, ओरडा खाल्ला. डॉक्टरांनी सांगितलेले पहिले काही महिने संपत आले होते आणि त्यातले कितीतरी दिवस मीच त्याला उलट्या दिशेनं चालवलं होतं. संध्याकाळी घरी जायला पाय निघायचे नाहीत. अंजूर फाट्याला ट्रॅफिक लागलं की मला बरं वाटायचं.

अशाच एका दिवशी दुपारी कागदांवर सही घ्यायला मी खाली डॉकवर गेले होते. एक जण बॅटरीवरच्या पॅलेट ट्रकनं, म्हणजे माल वाहायच्या छोट्या गाडीनं, खोकी आत नेत होता. तिचा दांडा हातात धरून ठेवला की ती चालते, हात सोडला की जागीच थांबते. ते मी कित्येक वर्षं बघत होते. चालवणाऱ्याला कोणी हाक मारली, त्यानं दांड्यावरचा हात सोडला, गाडी खट्ट करून थांबली. मी तिथंच उभी राहिले. सोडल्यावर काहीतरी होतं. धरल्यावर नाही, सोडल्यावर.

सही न घेताच मी वर आले आणि फिजिओथेरपिस्टला फोन लावला. "बाण मूठ उघडल्यावर सुटला तर चालेल का?"

तिनं विचारलं, "म्हणजे धरून ठेवलंय तोपर्यंत सुटणार नाही?"

"हो."

"चालेल. पण ताई, कुठल्याही स्प्रिंगनं त्यांची बोटं ढकलता कामा नयेत. जोरानं ढकललं की मूठ उलट आवळते. उघडायचं त्यांनी. बंदुकीनं फक्त वाट बघायची."

करायला घेतल्यावर कळलं की हे पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. लाटण्याच्या मुठीच्या पुढे मी एक रुंद पट्टी बसवली. बोटं मिटलेली असली की पट्टी मुठीला चिकटून राहणार, आणि ती चिकटलेली असेपर्यंत आकडा दांडीच्या खाचेत. बोटं सैल झाली की पट्टी पुढे येणार आणि आकडा निसटणार. पण पट्टी पुढे आणायला तिलाही एक स्प्रिंग हवी. लावली ती जोरदार निघाली. माझ्या स्वतःच्या हातालाच ती टोचत होती. शेवटी वडिलांच्या अवजारांच्या पेटीतली टाइपरायटरच्या एका अक्षराची स्प्रिंग लावली, केसासारखी. ती इतकी हलकी की खाच खोल असली तर आकडा बाहेर ओढू शकेना. खाच उथळ केली तर बंदूक नुसती टेबलावर ठेवली तरी सुटायला लागली. एकदा बाण सासूबाईंच्या पाठीला लागला. त्यांनी वळूनही बघितलं नाही, म्हणाल्या, "जरा कमी घास."

शेवटी तांदळाच्या दाण्याइतकी हालचाल झाली तरी सुटेल, पण हातात धरून फिरलं तर सुटणार नाही, इथपर्यंत ती आली. मी परात पुन्हा टांगली.

त्याच्या मिटलेल्या मुठीत बंदूक बसवायला बराच वेळ लागला. कोमट पाण्यात हात ठेवून, मनगट खाली वाकवून, फिजिओथेरपिस्टनं शिकवलं तसं. दांडी त्यानं डाव्या हातानं ओढली. आकडा खाचेत बसल्याचा बारीक आवाज झाला. तो नेम धरून, आवळून बघायला लागला. काही झालं नाही. तो माझ्याकडे बघायला लागला. मी माझी मूठ त्याच्यासमोर उघडली आणि म्हटलं, "आता असं. सोड."

त्यानं प्रयत्न केला. कपाळावर शीर उठली, खांदा वर आला, तोंड वाकडं झालं, आणि मूठ जास्तच घट्ट झाली.

असे किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. रोज सकाळी कामावर जायच्या आधी एकदा, संध्याकाळी आल्यावर एकदा. मधल्या वेळात सासूबाई. बंदूक मुठीत, दांडी ओढलेली, परात समोर, आणि काहीच नाही. एक दिवस त्यानं ती डाव्या हातानं हिसकावून भिंतीवर फेकली. नळीला चीर गेली. मी कचऱ्यात टाकणार होते. सासूबाईंनी ती उचलून पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली. मी दुसरा पाइप कापून बसवला. आशा होती म्हणून नाही. दुसरं करण्यासारखं काही सुचत नव्हतं म्हणून.

तो शुक्रवार होता, लूमच्या सुट्टीचा वार, म्हणून मागचं शेड बंद होतं. मला सुट्टी होती कारण ऑफिसात काही दुरुस्ती निघाली होती. दुपारचं जेवण झालं होतं. बंदूक त्याच्या मुठीत होती, पण तो काही करत नव्हता, उशीला टेकून पेंगत होता. मी कपडे घड्या करत होते. त्यानं मोठी जांभई दिली. आणि परात वाजली.

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मी परातीकडे बघितलं. बाण तिच्या कडेला चिकटला होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो स्वतःच्या हाताकडे बघत होता. बोटं पुन्हा मिटत होती, हळूहळू, पण थोडा वेळ ती उघडी होती.

"आई," मी हाक मारली, "इकडे या."

"काय झाला?"

"यांचा हात उघडला."

त्या आल्या, त्याच्याजवळ बसल्या, त्याची मूठ चाचपून बघितली. "मिटलेली हाय की."

"आता मिटली. जांभई आली तेव्हा उघडली होती."

मी फोन केला तेव्हा फिजिओथेरपिस्ट खूप सावधपणे बोलली. असं काही जणांमध्ये होतं म्हणाली. जांभई देताना मेंदू वेगळ्याच वाटेनं हात हलवतो, माणसाच्या मर्जीनं नाही. त्यावरून हात येईलच असं कोणी सांगू शकत नाही. "पण ताई, त्यांना कळलं ना की हात उघडू शकतो? ते महत्त्वाचं आहे."

त्याला कळलं होतं. एवढंच सांगते की त्या संध्याकाळपासून तो भिंतीकडे वळला नाही. बंदूक मुठीत बसवून घ्यायचा आणि जांभई आणायला बघायचा. आ वासून, घशातून आवाज काढून. खोट्या जांभईनं काही होत नव्हतं. मग सासूबाई त्याच्यासमोर स्टुलावर बसल्या आणि स्वतः जांभया द्यायला लागल्या. "दुसऱ्याला आली की आपल्याला येते," मला म्हणाल्या. त्यांनी आधी खोट्या दिल्या, मग त्यांना खऱ्याच यायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग मला आली. मग त्याला. परात वाजली. तो हसला. आजारपणानंतर पहिल्यांदा, अर्ध्याच तोंडानं, पण हसला, आणि सासूबाई हसता हसता पदरात तोंड घालून रडायला लागल्या.

पण जांभई म्हणजे हात नव्हे. पुढचे कितीतरी दिवस जांभईशिवाय एकही बाण सुटला नाही. मला पुन्हा वाटायला लागलं की ही मेंदूची एक गंमत आहे, तिच्यात आम्ही अडकलोय. तो मात्र थांबेना. फिजिओथेरपिस्टनं त्याला एक गोष्ट शिकवली. आधी मनगट खाली सोडायचं, श्वास सोडायचा, आणि मग बोटांचा विचार करायचा. जोर लावायचा नाही. त्याला जोर न लावणं फार जड जायचं. आयुष्यभर ट्रकच्या दारांशी आणि माणसांशी जोर लावूनच काम केलेला माणूस.

मग एकदा मी संध्याकाळी घरी आले तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या. "आज जांभई न्हवती गो," त्या म्हणाल्या. मी विश्वास ठेवला नाही. आत गेले. तो बसला होता. त्यानं मनगट खाली सोडलं, श्वास सोडला. बराच वेळ काही झालं नाही. माझ्या खांद्यावर पर्स तशीच होती. मग आकडा निसटला. बाण परातीपर्यंत गेलाही नाही, वाटेतच पडला, कारण तो नळीत नीट बसलाच नव्हता. जांभई नव्हती. मी जमिनीवर बसले आणि बाण उचलून पुन्हा नळीत घातला.

हे सगळं होऊन बराच काळ गेला आहे. त्याचा हात पूर्वीसारखा झालेला नाही आणि आता होणारही नाही, हे आम्हाला दोघांनाही कळलंय. अंगठा आणि दोन बोटं उघडतात, पेल्याच्या काठाला धरण्याइतपत. लिहिता येत नाही. पाय ओढत तो नाक्यापर्यंत जातो. शब्द काही परत आले, त्यातले बरेचसे शिव्या आहेत, आणि त्या ऐकून सासूबाई खूश होतात. गोडाऊनमध्ये त्याच्या जागी दुसरा माणूस आहे. डॉकवर मी अजूनही रोज जाते आणि अजूनही रोज तिथं त्याचा आवाज येईल असं मला वाटतं.

बंदुकीची ती नरम स्प्रिंग आता सैल पडली आहे. मागच्या रविवारी मी ती बदलायला घेतली तेव्हा तो शेजारी येऊन बसला. त्यानं दांडीवरच्या खाचेवर बोट ठेवलं आणि मान हलवली. त्याला म्हणायचं होतं की ही फार उथळ आहे, लगेच सुटते, खोल कर. मी म्हटलं, "खोल केली तर तुला बोटं जास्त उघडावी लागतील. जमेल?"

त्यानं अंगठा आणि दोन बोटांत कानस पकडली आणि माझ्याकडे केली.